बाबागाडी, कॅरिअर की दोन वेगळ्या फेऱ्या? घरात कुत्रा आणि लहान मूल असताना

बाळ यायच्या आधी कुत्र्याचं वेळापत्रक पक्कं असतं. सकाळी सहाला एक फेरी, रात्री जेवणानंतर एक. बाळ आलं की नेमकी सकाळची फेरी अडते. मालीशवाली बाई यायची वेळ, आंघोळ, धुरी, दूध आणि झोप हे सगळं त्याच दोन तासांत असतं. दाराशी कुत्रा लीशकडे, म्हणजे फिरवायच्या पट्ट्याकडे, बघत उभा राहतो आणि घरातलं मोठं माणूस विचार करतं की बाळाला घेऊनच खाली जाऊ, एका फेरीत दोन्ही कामं उरकतील.

उरकतात, पण सगळ्या घरांत नाही आणि सगळ्या वयांत तर नाहीच. पर्याय चार आहेत: बाळ अंगावर कॅरिअरमध्ये, बाळ बाबागाडीत, दोघांच्या वेगळ्या फेऱ्या, किंवा कुत्र्याला पगारी माणसाने फिरवणं. यातला कुठला तुमचा, हे कुत्र्याच्या जातीवरून ठरवू नका. शांत लॅब्रेडॉर मांजर दिसताच हिसका देतो आणि भित्री इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री, सबंध रस्ता पायाला चिकटून चालते. ठरवायचं ते दोन गोष्टींवरून: तुमचा एक हात मोकळा राहतो का, आणि लीश सैल राहते का.

आधी ही चाचणी करा

स्टीलचा पेला अर्धा पाण्याने भरा. एका हातात पेला, दुसऱ्या हातात लीश. घरातून निघून लिफ्टने खाली, वॉचमनच्या केबिनवरून, पार्किंगमधल्या मांजरांजवळून फाटकापर्यंत जा आणि परत या. पाणी सांडलं नाही, तर बाळासोबतच्या फेरीचा विचार करता येईल. एकदाही पेला हिंदकळून रिकामा झाला, तर कॅरिअर आणि बाबागाडी दोन्ही सध्या बाद. आठवड्यातून तीन वेगळ्या दिवशी करून बघा, कारण एखाद्या दिवशी मांजर नसतंच.

ओढणाऱ्या कुत्र्यासाठी छातीवर कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) घ्या. कडी पाठीवर असली की कुत्रा पूर्ण अंगाचा जोर लावतो. छातीवर असली की ओढताच त्याचं अंग तुमच्याकडे वळतं आणि जोर मोडतो. लीश साधी, सपाट पट्टीची, पाच ते सहा फुटांची हवी. बटण दाबून लांब होणारी दोरी बाळासोबत अजिबात नको. कुत्रा पंधरा फूट धावून वेग घेतो आणि शेवटचा झटका थेट तुमच्या खांद्याला बसतो.

कॅरिअर: पहिल्या काही महिन्यांत सोयीचं

बाळ छातीशी असतं, फुटपाथ कसाही असला तरी चाक अडकत नाही, जिना उतरता येतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. भटक्या कुत्र्यांच्या तोंडापासून बाळ उंचावर असतं, ही तर सगळ्यात मोठी गोष्ट. म्हणून सुरुवातीच्या काळात आम्ही बाबागाडीपेक्षा कॅरिअरला वरचं स्थान देतो.

पण आधी वजन बघा. बऱ्याच कॅरिअरवर किमान वजन सुमारे साडेतीन किलो लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे कितीतरी बाळं जन्मतः तीन किलोच्या आतली असतात. सव्वा महिना बाळंतीण तशीही घराबाहेर पडत नाही. तोवर वजन भरू द्या. बाळ मुदतीच्या आधी झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅरिअर वापरू नका.

बांधल्यावर चार गोष्टी तपासा. मान खाली घातली की बाळाच्या कपाळाचा पापा घेता आला पाहिजे. त्याची हनुवटी छातीला टेकता कामा नये, मध्ये दोन बोटं मावली पाहिजेत. नाक-तोंड कायम दिसलं पाहिजे. गुडघे कुल्ल्यांपेक्षा किंचित वर, बेडकासारखे फाकलेले हवेत. पाय सरळ खाली लोंबत असतील तर बैठक अरुंद आहे. मान धरेपर्यंत बाळाचं तोंड तुमच्याकडेच.

कॅरिअरचा खरा धोका तुमच्या पडण्यात आहे. पुढे पाच-सहा किलो लटकल्यावर तोल पुढे जातो आणि स्वतःची पावलं दिसत नाहीत. उखडलेला पेव्हर ब्लॉक आणि लीशचा हिसका एकाच क्षणी आला, तर माणूस बाळावरच पडतो. म्हणून लीशचा फास मनगटाला गुंडाळू नका. अंगठ्यात अडकवून मूठ मिटा, म्हणजे गरज पडली तर सोडता येईल. कमरेला बांधायची लीश इथे चालणार नाही, तीस किलोच्या कुत्र्याचा ओढा थेट तुमच्या तोलावर येतो. शी उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघे वाकवून खाली बसा आणि एक हात बाळाच्या डोक्यामागे ठेवा.

उन्हाळ्यात तुमच्या अंगाची आणि बाळाच्या अंगाची उष्णता एकत्र साठते. एप्रिल-मेमध्ये वीस मिनिटांच्या वर जाऊ नका. बाळाच्या मानेमागे हात लावून बघा. घामेजलेली आणि गरम लागली तर परत फिरा.

बाबागाडी: रस्ता चांगला असेल तरच

सोसायटीच्या आतला डांबरी रस्ता, मोठ्या संकुलातली वाट, पहाटेचा रिकामा रस्ता, इथे बाबागाडी उत्तम. खालच्या टोपलीत पाणी, पिशव्या, दुपटं सगळं बसतं आणि पाठ दुखत नाही. शहरातल्या नेहमीच्या फुटपाथवर मात्र ती वैताग आणते. पाच-सहा इंची चाकं पेव्हर ब्लॉकच्या फटीत रुततात, गाडी अचानक थांबते आणि कुत्रा पुढे जात राहतो. नवीन घेत असाल तर दहा-बारा इंची, हवा भरायची चाकं असलेली घ्या. घडी मोठी होते, पण रस्त्यावर चालते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी पाठ पूर्ण आडवी होणारीच हवी.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे लीश गाडीच्या दांड्याला बांधणं. बाबागाडी अरुंद असते आणि बाळाचं वजन उंचावर असतं. बाजूने हिसका बसला की ती आडवी होते. गाडीला मनगटाचा पट्टा असेल तर तो डाव्या हातात. लीश उजव्या हातात. कुत्रा नेहमी वाहनांच्या उलट्या बाजूला. थांबलात की ब्रेक लावायचा, अर्धा मिनिट थांबायचं असलं तरी.

भटक्या कुत्र्यांची टोळी समोर आली तर पळू नका. गाडी भिंतीला लावा, ब्रेक लावा, स्वतः गाडीच्या पुढे उभे राहा, लीश आखूड करा आणि टोळी शांत झाल्यावर हळू रस्ता ओलांडा. लहान कुत्रा उचलून गाडीत ठेवू नका. बाकीची कुत्री त्याच्यामागे उड्या मारतात आणि खाली बाळ असतं. जिथे रोज खायला घातलं जातं, त्या जागा आणि वेळा माहीत करून घ्या आणि फेरीचा रस्ता तिथून नेऊ नका.

गाडीवर ऊन लागतं म्हणून दुपटं टाकून ती पूर्ण झाकली जाते. तसं करू नका, आत हवा कोंडते आणि काही मिनिटांत गरम होते. पातळ मच्छरदाणी चालते. डेंग्यूचा डास दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी चावतो, तेव्हा ती हवीच.

गाडीची सवय कुत्र्याला बाळ येण्याच्या महिनाभर आधी लावा. आधी ती घरात नुसती उभी ठेवा. मग पाच किलो तांदळाची पिशवी ठेवून सोसायटीत फिरवा आणि कुत्रा गाडीशेजारी नीट चालला की खाऊ त्याच बाजूला द्या. पहिलं बाळंतपण माहेरी होणार असेल, तर हे काम नवऱ्याकडे येतं आणि कुत्रा बाळाला दोन-तीन महिन्यांनी एकदम पाहतो. त्या दिवशी आधी कुत्र्याला अर्धा तास फिरवून आणा. आई रिकाम्या हाताने आधी आत येऊ दे, त्यांची भेट होऊ दे. मग दुसऱ्या कुणी बाळ आणावं, कुत्रा लीशवर, सात-आठ फुटांवरून, पाच मिनिटं. तेवढं पुरे.

वेगळ्या फेऱ्या: मूल चालायला लागलं की हाच मार्ग

साधारण सव्वा वर्षापासून तीन वर्षांपर्यंत एकत्र फेरीचा हट्ट सोडून द्या, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारणं साधी आहेत. मूल दहा पावलं चालतं, खडा उचलतं, खाली बसतं. कुत्र्याला सलग चाल हवी असते, नाही तर भिंती आणि टायर हुंगायला मोकळा वेळ. दोघांपैकी एकाची फेरी वाया जातेच. आणि एक गोष्ट खाली उकिडवं बसून बघितल्याशिवाय लक्षात येत नाही: तुमच्या हातापासून कुत्र्याच्या गळ्यापर्यंत ताणलेली लीश दोन वर्षांच्या मुलाच्या बरोबर मानेच्या उंचीवर येते.

मुलाची गरजही वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार 1 ते 4 वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल व्हायला हवी आणि बाबागाडीत किंवा अंगावर बांधून एका वेळी एक तासापेक्षा जास्त ठेवू नये. म्हणजे कुत्र्याच्या फेरीत गाडीत बसलेलं मूल बाहेर होतं, पण खेळलं नाही. कित्येक घरांत हाच हिशेब चुकतो.

वेळ असा बसवता येतो. कुत्र्याची पहाटेची फेरी तीस मिनिटं, एकच मोठं माणूस, फोन खिशात. मुलाचं खेळणं संध्याकाळी, कुत्र्याशिवाय. बहुतेक महापालिका उद्यानांत कुत्र्यांना बंदी असते, तेव्हा तसंही एकत्र जाता येत नाही. रात्रीची फेरी मूल झोपल्यावर. घरात एकच मोठं माणूस असेल तर हे गणित जमत नाही, आणि तिथे पुढचा पर्याय येतो.

पगारी फिरवणारा

रोजच्या एका फेरीपुरता ठेवा, दोन्हींसाठी नको. कुत्र्याची एक फेरी घरच्या माणसासोबत राहू द्या. ठरवण्याआधी विचारा की एका वेळी किती कुत्री नेतो. दोनपेक्षा जास्त असतील तर नको. पहिले चार दिवस सोबत जा. कुत्रा कुठेतरी झाडाला बांधून गप्पा होत नाहीत ना, शी उचलली जाते ना, हे मागून जाऊन बघावं लागतं. कुत्रा परतल्यावर जमिनीवर पसरून झोपला पाहिजे. तो घरभर घिरट्या घालत असेल, तर फेरी झालेली नाही.

तीन-चार वर्षांनंतर

आता एकत्र फेरीला अर्थ आहे. हार्नेसला दोन लीश लावा. जोर पेलणारी तुमच्या हातात, हलकी तीन फुटी दोरी मुलाच्या हातात, मनगटाला न गुंडाळता. हे सोसायटीच्या आवारातच करा. रस्त्यावर मुलाच्या हातात लीश देऊ नका. मुलाला दोन सवयी लावा: परक्या कुत्र्याला मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, हात पोटाशी घेऊन झाडासारखं उभं राहायचं.

घरच्या कुत्र्याच्या खुणा मोठ्यांनी ओळखायच्या. झोप नसताना जांभई, ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होणं, आणि त्यानंतर गुरगुरणं. गुरगुरल्याबद्दल रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी तो गुरगुरणार नाही, सरळ चावेल. मुलाला बाजूला घ्या.

कुठलाही पर्याय निवडला तरी

डांबर तापलंय का हे तळहाताच्या मागच्या बाजूने बघा. सात सेकंद ठेवता येत नसेल तर कुत्र्याचे पंजे भाजतील. विदर्भात मे महिन्यात रात्री आठलाही रस्ता गरम असतो. पावसात छत्री धरली की हात संपले, म्हणून जून ते सप्टेंबर वेगळ्याच फेऱ्या. साचलेल्या पाण्यात ना कुत्रा, ना मूल. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो. कुत्र्याची लेप्टोची लस पावसाळ्याआधी आणि रेबीजची दर वर्षी. जंताचं औषध मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी. शी लगेच उचलली की गोलकृमीची अंडी मातीत पिकत नाहीत, त्यांना संसर्गाजोगं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. अंकुशकृमीच्या अळ्या मात्र ओल्या वाळूतून थेट कातडीत शिरतात, म्हणून किनाऱ्यावर आणि खेळाच्या वाळूत मुलाच्या पायात चप्पल हवीच. टेकडीवरून आलात की कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि कॉलरखाली गोचीड शोधा, मुलाने कुत्र्याला मिठी मारायच्या आधी.

आणि चावा किंवा रक्त निघालेला ओरखडा झाला, कुत्रा घरचा असो वा रस्त्यावरचा: वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. जखमेतून रक्त आलं असेल तर रेबीजच्या लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. ते प्रत्येक दवाखान्यात नसतं, म्हणून जवळच्या कुठल्या रुग्णालयात मिळतं हे आजच विचारून ठेवा आणि तो नंबर फ्रिजवर चिकटवा.