३,०४९ रुपये आणि उलटी डबी: पीएस-४ जुन्या टीव्हीला जोडणाऱ्यांनी आधी हे वाचा

पीएस-४ म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ४, टीव्हीवर गेम खेळायचा डबा. तो आमच्या जुन्या टीव्हीला जोडताना किती गेले, आधी त्याचा हिशेब. ऑनलाइन मागवलेली ‘एचडीएमआय टू एव्ही’ केबल (एचडीएमआय ही नव्या टीव्हीची जोडणी, एव्ही ही जुन्या टीव्हीची रंगीत पिनांची) ३४९ रुपये. दुकानातला कन्व्हर्टर, म्हणजे सिग्नल बदलणारी डबी, १,२५०. तो बदलून देताना ‘मॉडेलमधला फरक’ म्हणून ३००. टीव्ही मेकॅनिकची व्हिजिट ३०० आणि ‘कलर आयसी’ (रंगाची चिप) टाकल्याचे ८५०. एकूण ३,०४९ रुपये. हे काम पाच-सहाशेच्या एका डबीत होतं. तिघांनी पाळीपाळीने टोपी घातली आणि तिघंही मोकळे आहेत.

टीव्ही २१ इंची, पिक्चर ट्यूबचा. समोर पिवळं आणि पांढरं, दोनच सॉकेट. पीएस-४ ला चित्रासाठी फक्त एचडीएमआय. २०१३ साली तो आला तेव्हाच सोनीने एव्हीची जागा काढून टाकली होती. पीएस-२ किंवा पीएस-३ असेल तर पुढचं काहीच लागत नाही. दोघांना मागे सारखंच ‘एव्ही मल्टी आउट’ सॉकेट असतं आणि एकाची एव्ही केबल दुसऱ्याला चालते. पीएस-३ आधी एचडीएमआयवर होता आणि आता पडदा काळाच राहतोय? तो बंद करा, मग पॉवरचं बटण दुसरी ‘बीप’ येईपर्यंत दाबून धरा. एवढ्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

३४९ वाली केबल म्हणजे एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिना, मध्ये नुसती वायर. एचडीएमआयमधून डिजिटल सिग्नल येतो, जुन्या टीव्हीला अ‍ॅनालॉग लागतो. मध्ये चिप हवी आणि चिपला वीज हवी. ज्या केबलला ना डबी ना यूएसबीचं शेपूट, ती पीएस-४, एक्सबॉक्स वन, निन्टेन्डो स्विच, अशा कुठल्याच गेमच्या डब्यावर चालणार नाही. तरी ती राजरोस विकली जाते, कारण ‘बसते’ आणि ‘चालते’ यातला फरक फोटोत दिसत नाही. परत करायला गेलं की उत्तर तयार: वस्तू वर्णनाप्रमाणेच आहे.

आता दुकान. इथे सगळ्यात जास्त जीव जळतो, कारण तिथे डेमो दिला होता. काउंटरवर सेट-टॉप बॉक्स चालू, त्याच्या तिन्ही पिना पांढऱ्या डबीत, डबीतून एचडीएमआय केबल भिंतीवरच्या एलसीडीला. चित्र झकास. ‘बघा, चालतंय ना?’ चालतंयच की! पण उलट्या दिशेने. ती डबी एव्ही घेऊन एचडीएमआय देणारी होती. आम्हाला हवी होती एचडीएमआय घेऊन एव्ही देणारी. पिना डबीत *शिरताना* दिसल्या, तिथेच थांबायला हवं होतं. पण दोन्ही डब्या आकाराने, रंगाने, भोकांनी तंतोतंत सारख्या असतात, आणि चालू चित्र समोर दिसत असताना वायरी कुठून कुठे गेल्यात हे कोण तपासतं? तपासायचं काम विकणाऱ्याचं. ‘पीएस-४ मधून जुन्या टीव्हीला’ असं त्याला दोनदा बजावून सांगितलं होतं. पक्क्या बिलाऐवजी चिठ्ठी मिळाली आणि तिच्यावर नुसतं ‘अ‍ॅडॉप्टर’. ते का, हे नंतर उमगलं.

ओळखायची सोपी खूण: डबीच्या कडेची छोटी कळ बघा. तिथे ७२०पी/१०८०पी (एचडी चित्राची मापं) लिहिलेलं असेल तर बहुतेक ती उलटी आहे. पाल/एनटीएससी (जुन्या रंगीत टीव्हीच्या सिग्नलच्या दोन पद्धती) लिहिलेलं असेल तर हवी तीच. शिवाय एचडीएमआयच्या भोकापाशी ‘इनपुट’ आणि तीन पिनांपाशी ‘आउटपुट’ छापलेलं हवं. खोक्यावरच्या ‘४के’ला भुलू नका. एव्हीमधून पालच्या ५७६ रेघांपलीकडे काही जात नाही.

बरोबर डबी मिळाल्यावर चित्र आलं, पण काळं-पांढरं आणि वरखाली धावणारं. मेकॅनिक म्हणाला, टीव्हीचा आयसी गेलाय. टीव्ही उघडला, बराच वेळ मागे डोकं खुपसून बसला, आणि रंग आला. ८५० रुपये. नंतर डबीची कळ पालवर दिसली, जी येताना एनटीएससीवर होती. ती परत एनटीएससीवर सरकवली आणि ‘नवा आयसी’ असूनही तेच काळं-पांढरं, तेच धावणं! म्हणजे आयसीचा काही संबंधच नव्हता. आपल्याकडचे बरेच जुने सेट फक्त पाल ओळखतात, एनटीएससीचा रंग त्यांना दाखवता येत नाही. कळ सरकवायला नख पुरतं. (आयसी बदलला का, हे बघायला स्वतः मागचं झाकण काढू नका. ट्यूबवर हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात.)

आता तक्रारीचं ऐका. ऑनलाइन विक्रेत्याच्या ‘कस्टमर केअर’ने तेच ठरलेलं वाक्य चिकटवून तिकीट बंद केलं. सरकारी हेल्पलाइनवर क्रमांक मिळाला, मग ‘कंपनीने उत्तर दिले आहे’ असा संदेश, आणि प्रकरण निकाली. उत्तर काय दिलं? तर वस्तू वर्णनाप्रमाणे आहे! ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचंच म्हणणं म्हणजे निकाल. पोलीस ठाण्यात आधी हसले, मग म्हणाले, ही दिवाणी बाब, ग्राहक मंचात जा. मंचाच्या दारात विचारलं, बिल कुठंय? बिलच न देणं हीच तर फसवणूक, ती सिद्ध करायला बिल आणा! आयात मालाच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापायला हवी असा वैधमापनाचा (वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) २०११ चा नियम आहे. आमच्या डबीच्या खोक्यावर यातलं काही नव्हतं. ते सरकारी कचेरीत दाखवलं तर म्हणे लेखी द्या. लेखी दिलं तर म्हणे हा विभाग वेगळा. रक्कम लहान म्हणून कुणी ढुंकून बघत नाही, आणि हे धंदे चालतात ते रक्कम लहान ठेवूनच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात (म्हणजे त्याच मंचात) फी लागत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. यूपीआयने पैसे द्या, निदान तेवढी नोंद उरते. पक्क्या बिलावर ‘एचडीएमआय इन, एव्ही आउट’ असे शब्द लिहून घ्या. लिहायला नाही म्हणाला तर दुकान सोडा.

जोडणी करताना पीएस-४ आधी शेजाऱ्याच्या एचडीएमआय टीव्हीला लावा. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’खाली ‘एनेबल एचडीसीपी’ची (हे कॉपी रोखणारं कुलूप) खूण काढा, नाहीतर काही डब्या काळा पडदा देतात. ती काढल्यावर खेळ चालतात, सिनेमाची अ‍ॅप चालत नाहीत. रिझोल्यूशन ७२०पी ठेवा. डबीला ५ व्होल्ट १ अँपिअरचा मोबाइल चार्जर द्या. एचडीएमआयमधून मिळणाऱ्या विजेवर भागेल असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, तिथे खात्रीचे फक्त ५५ मिलिअँपिअर असतात. टीव्हीला पांढरं एकच सॉकेट असेल तर पांढरी पिन लावून लाल सोडली की एका बाजूचा आवाज जातो. मेनूच्या कडा कापल्या जात असतील तर सेटिंग्जमधला ‘डिस्प्ले एरिया’ आत ओढा. बारीक अक्षरं तरीही वाचता येणार नाहीत. तो दोष ना टीव्हीचा ना डबीचा, त्यामुळे त्यासाठी कुणी ‘भारी मॉडेल’ दाखवलं तर हात जोडा. टीव्हीला फक्त अँटेनाचं भोक असेल तर डबीपुढे आरएफ मॉड्युलेटरही (एव्हीचा सिग्नल अँटेनाच्या भोकातून देणारी डबी) लागतो, आणि चित्र आणखी खराब होतं.

एलसीडीला एकच एचडीएमआय आहे आणि तिथे सेट-टॉप बॉक्स बसलाय, अशांनाही हीच मंडळी गाठतात. तिथे ‘स्विच’ हवा, म्हणजे दोन आत, एक बाहेर. गळ्यात मारतात ‘स्प्लिटर’, एक आत, दोन बाहेर. खोकं फोडायच्या आधी भोकांवरची ‘इन’ आणि ‘आउट’ मोजा. फोडलेलं ते परत घेत नाहीत.