विधी सेवा समितीचा फुकटचा वकील : नऊ महिन्यांचा अनुभव आणि ६१४ रुपयांची झेरॉक्स

या सेवेला आधी तीन तारे देणार होतो, लिहिता लिहिता चार केले. पाचवा झेरॉक्सपायी कापला आहे आणि तो काही केल्या परत देणार नाही.

विधी सेवा समिती म्हणजे फुकटचा वकील नेमून देणारं कोर्टातलं ऑफिस. जास्त सांगत बसत नाही, तालुक्याच्या कोर्टाच्या भिंतीवर बोर्ड लावलेलाच आहे. हे लिहिणं कर्ज थकून घरावर नोटीस आलेल्यांसाठी आहे. तुमचा मामला पतसंस्थेचा किंवा सावकाराचा असेल तर यातलं निम्मं लागू नाही, ते पुढे सांगतो.

माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. २०२१ मध्ये एका गृहकर्ज कंपनीकडून ६ लाख घेऊन घराचा स्लॅब टाकला. व्याज १६ टक्के, हप्ता ८,८१२. घर आईच्या नावावर, म्हणून कर्जावर आधी तिचा अंगठा, मग माझी सही. ३० हप्ते एकही न चुकवता भरले. २०२३ ला सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला, गावाच्या हातात पैसा राहिला नाही आणि माझी उधारी वहीतच बसली. सात हप्ते थकले. मग नोटीस आली, ६० दिवसांत ६ लाख ४५ हजार भरा. म्हणजे २ लाख ६४ हजार भरून झाल्यावर घेतलं त्यापेक्षा जास्त देणं. मी ते गणित तीनदा कॅल्क्युलेटरवर केलं. गणित बरोबर होतं, तेच वाईट.

नोटीस अख्खी इंग्रजीत. आईनं पोस्टमनच्या कागदावर अंगठा देऊन ती घेतली आणि रेशन कार्डाच्या डब्यात ठेवून दिली. मला सापडली तेव्हा २९ दिवस गेले होते. विचारलं तर म्हणे, "बँकेचा कागद होता बाप्पा, सांभाळून ठेवला." यावर काय बोलणार.

गावात सल्ल्यांना तोटा नाही. एक म्हणाला वावर पण जाते. दुसरा म्हणाला काही होत नाही, कर्जमाफी येऊ दे. तालुक्याचा एक वकील पंधरा हजार रोख मागत होता, वर प्रत्येक तारखेचे वेगळे. माझ्यासारख्या माणसाला तिथंच फुकटच्या वकिलाची आठवण होते.

पहिली चूक माझीच. उत्पन्नाचा दाखला लागेल म्हणून सेतूत दोन चकरा मारल्या. समितीच्या टेबलावरचा बाबू आईकडे बघून म्हणाला, "अर्ज माउलीच्या नावानं करा, दाखला लागत नाही." बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही नाही. अट बाकीच्या बहुतेकांना. म्हणजे सेतूचे पैसे पाण्यात. बसचा तेवढा फायदा झाला, आईला एसटीत अर्धं तिकीट.

वकील नेमायला नऊ दिवस लागले. साठातले नऊ! तेव्हा मी या समितीला एकही तारा दिला नसता. नेमलेल्या वकील मॅडम वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. आई बाहेर येऊन म्हणाली, "हे पोर काय करन?"

पोरीनं पहिल्या भेटीत जे सांगितलं ते पंधरा हजारवाल्यानं सांगितलं नव्हतं. ही नोटीस २००२ च्या सरफेसी कायद्याची आहे, म्हणजे कर्ज थकलं तर कोर्टात न जाता गहाण घर ताब्यात घेऊ देणारा कायदा. त्यात शेतजमीन येत नाही, त्यामुळे वावराची भीती सोडा, भीती घराची आहे. ६० दिवसांच्या आत लेखी हरकत घ्यायची, कंपनीला १५ दिवसांत कारणासकट उत्तर द्यावंच लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आजपासून चालू हप्ता भरत राहायचा, मागचं मग पाहू. मी म्हटलं, भरायला असते तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? त्या म्हणाल्या, "काका, हप्ता थांबला तर माझ्याजवळ बोलायला काही राहत नाही." जूनपासून भरला. कसा ते विचारू नका.

हरकतीत त्यांनी चार्जेसवर बोट ठेवलं. चेक बाउन्स, व्हिजिट चार्ज, लीगल चार्ज, दंड आणि दंडावर व्याज मिळून २३,४०० रुपये. दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज लावायला रिझर्व्ह बँकेनं २०२४ पासून मनाई केली आहे, हे मला तिथं कळलं. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हेही. आमच्याकडे रात्री साडेनऊला फोन यायचा, तोही आईच्या मोबाईलवर. मॅडमनी त्याच पत्रात फोनच्या तारखा आणि वेळा टाकल्या आणि फोन बंद झाले. खरं सांगतो, या एका गोष्टीसाठी मी पैसे द्यायला तयार होतो.

आता झेरॉक्स. वकील फुकट आहे, कागद फुकट नाही. हरकतीला मंजुरीपत्र, करारनामा, बँकेचा उतारा, नमुना आठ, नोटीस अशी ४९ पानं लागली. दोन रुपये पान, ९८ रुपये. कोर्टासमोर एकच झेरॉक्सवाला, भाव करत नाही. पाठपोट काढून दे म्हटलं तर म्हणतो, कोर्टात चालत नाही. चालतं की नाही हे मॅडमना विचारायचं मला नऊ महिन्यांत सुचलं नाही. करारनाम्याची तीन पानं तर निव्वळ कोरी, खाली आईचा अंगठा. कोऱ्या पानाचेही दोन रुपये.

उत्तर तेराव्या दिवशी आलं, दीड पानी, त्यात आमचं एकही म्हणणं मान्य नाही. मी मॅडमना फोन करून बरंच बोललो, ते इथं लिहीत नाही. मग पोळ्याच्या आदल्या दिवशी दोन माणसं आली आणि दारावर ताब्याची नोटीस डकवून गेली. वर पेपरातही आईचं नाव, पत्ता, रक्कम छापून आली. या नोटिशी दोन पेपरात छापाव्या लागतात, त्यातला एक मराठी. त्या दिवशी अमरावतीहून, नागपूरहून, जे कधी फोन करत नाहीत त्यांचेही फोन आले.

नोटीस फाडू नका, असं मॅडमनी बजावलं होतं. आईनं फाडली नाही. पोळ्याला दाराशी पळसाच्या डहाळ्या लावतो, त्या तिनं बरोबर नोटिशीवर बांधल्या. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याची पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा मागायला आली, त्यांना फक्त पळस दिसला.

हा ताबा कागदोपत्री असतो, हे माहीत असतं तर आम्ही आठवडाभर जागे राहिलो नसतो. तुम्ही अडून राहिलात तर घराबाहेर काढायला त्यांना जिल्हा दंडाधिकाऱ्याकडून किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडून आदेश आणावा लागतो. आणि तुमच्या हातात ताब्यापासून ४५ दिवस असतात, नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला. तालुक्याचं दिवाणी कोर्ट यात चालत नाही. आमचा अर्ज ३९ व्या दिवशी दाखल झाला, त्याची फी समितीनं भरली. त्यासाठी ८६ पानांचे तीन संच, ५१६ रुपये. आधीचे ९८ धरून ६१४.

सप्टेंबरच्या लोकअदालतीत कंपनीचा माणूस आला आणि "वरून ॲप्रूव्हल नाही" म्हणून चहा पिऊन गेला. लोकअदालतीत दोघांची संमती नसेल तर काही होत नाही. माझी तेव्हा फुकटच्या वकिलाला दोन तारे द्यायची तयारी होती.

डिसेंबरला मात्र नागपूरचा अर्ज कंपनीच्या फायलीत आला होता आणि अधिकाराचं पत्र घेऊन साहेब आले. अर्ध्या तासात मिटलं. थकलेले सात हप्ते ६१,६८४, चार्जेस २३,४०० चे ६,०००, असे ६७,६८४ चार भागात, दर महिन्याला १६,९२१, सोबत चालू हप्ता. खातं नियमित, नागपूरचा अर्ज मागे. सही करण्याआधी मॅडमनी आईला अख्खं मराठीत वाचून दाखवलं, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. आईनं विचारलं, "घर माह्याच नावावर राहीन ना?" मॅडम म्हणाल्या, राहील. मग अंगठा.

डिसेंबरात जमलं त्याचं दुसरं कारण हरभऱ्याचं पाणी. रात्रीच्या लाइनीवर मोटारी जळतात, तेव्हा माझ्या दुकानाला बरे दिवस येतात. तीन भाग भरले, एक राहिला.

ज्यांना वाटतं हे सगळ्यांना चालेल, त्यांच्यासाठी. आमच्या काकाजींचं प्रकरण पतसंस्थेचं आहे. तिथं सरफेसी नाही, सहकार कायद्याचं कलम १०१, त्याखाली वसुली दाखला, म्हणजे पैसे वसूल करायचा आदेश निघतो, आणि त्याविरुद्ध फेरतपासणीला जायचं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. त्यामुळे दाखला निघायच्या आधीच उभं राहून बोला. ते गेले उशिरा, वकील फुकट मिळूनही उपयोग झाला नाही. आणि परवाना नसलेल्या सावकारानं वावर लिहून घेतलं असेल तर वाट वेगळी, सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे २०१४ च्या सावकारी कायद्याखाली अर्ज, पंधरा वर्षांपर्यंतचा व्यवहार उकरता येतो.

परत झेरॉक्स. मागच्या आठवड्यात समितीत सहज बोललो तर बाबू म्हणतो, कागदपत्रं तयार करायचा खर्चही मागता येतो, अर्ज करायचा होता. नऊ महिन्यांनी सांगतो! तीन ताऱ्यांचे चार झाले ते मॅडममुळे, पाचवा याच्यामुळे गेला.

अर्ज लिहिला. बिल जोडा म्हणाले. झेरॉक्सवाल्याकडे गेलो तर तो हसला, कधी कोणी बिल मागितलंच नाही म्हणाला. शेवटी एका वाया गेलेल्या पानाच्या मागे पेनानं "झेरॉक्स ६१४" लिहून दिलं. सही मागितली तर म्हणे, कोर्टाच्या कामात मी सही करत नाही.