मैदान कोणाचे? दक्षिण मुंबईतील क्रिकेट-फेरीचे परीक्षण

दक्षिण मुंबईतील क्रिकेट मैदानांची ही मार्गदर्शकासह पायी फेरी आझाद मैदानालगत, बॉम्बे जिमखान्यापाशी सुरू होते. भारतातील पहिला कसोटी सामना 1933 मध्ये येथे झाला आणि लाला अमरनाथ यांनी त्यात शतक झळकावले, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र त्याच जिमखान्याचे सभासदत्व त्या काळी भारतीयांना मिळत नव्हते, ही विसंगती मार्गदर्शकांनी आरंभीच मांडली आणि पुढच्या निवेदनाचा रोख तेथेच ठरला.

युरोपियनांच्या पोलोचे घोडे मैदानाची नासाडी करू लागले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात पारशी क्रिकेटपटूंनी सरकारदरबारी अर्ज-विनंत्या करून दिलेला लढा फार रंगतदारपणे सांगितला गेला. पुढे समुद्राकाठी पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने पाहताना लक्षात येते, की जागा धर्मनिहाय मिळाल्या आणि स्पर्धाही त्याच वाटणीने वाढल्या: 1907 ची तिरंगी, म्हणजे तीन संघांची, स्पर्धा 1912 मध्ये चौरंगी व 1937 मध्ये पंचरंगी झाली आणि 1946 मध्ये, धार्मिक तेढ टोकाला पोहोचलेली असताना, बंद पडली.

खरी उणीव हिंदू जिमखान्यासमोर जाणवली. बाळू पालवणकरांच्या वाट्याला तेथे जेमतेम दोन वाक्ये आली. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारे हे दलित फिरकी गोलंदाज पुण्यात सवर्ण सहकाऱ्यांबरोबर एकाच मैदानावर खेळत, पण चहा त्यांना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही, ते 1923 मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. मैदानावर हक्क कोणाचा, हा या फेरीचा विषय असेल, तर अधिक वेळ येथेच द्यायला हवा होता.

तिकिटांच्या वादातून उभे राहिलेले वानखेडे स्टेडियम थोडक्यात आटोपले, ते योग्यच. ब्रेबर्न स्टेडियमसमोर मात्र 1937 मधील उभारणी सांगून फेरी संपली. महिला प्रीमियर लीगचा पहिला अंतिम सामना 2023 मध्ये याच मैदानावर झाला, याचा उल्लेखही झाला नाही.

शुल्क वाजवी आहे आणि प्रश्नांना उत्तरे मनापासून मिळतात. शक्य असल्यास पावसाळ्यातील रविवार निवडावा, कारण तेव्हा वाटेतल्या मैदानांवर कांगा लीग या पावसाळी क्रिकेट स्पर्धेचे सामनेही पाहायला मिळू शकतात. पाचपैकी साडेतीन गुण.