विंडोज १०चा सपोर्ट संपल्यावर: स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी कोणता पर्याय निवडावा?

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. संगणक तरीही चालू होतो, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) बोलतो, मग घाई कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण विंडोज ७चं काय झालं ते बघा. त्याचा सपोर्ट जानेवारी २०२०मध्ये संपला. पुढे क्रोम ब्राउझरची १०९ आणि एनव्हीडीए या स्क्रीन रीडरची २०२३.३ या त्यावर चालणाऱ्या शेवटच्या आवृत्त्या ठरल्या. नव्या वेबसाइटवरचे फॉर्म आणि बटणं नीट ऐकू यायला ब्राउझर आणि स्क्रीन रीडर दोन्ही ताजे लागतात. डोळस माणूस जुन्या ब्राउझरमध्येही बटण नजरेने शोधून क्लिक करतो. आपल्यासाठी मात्र जे बोललं जात नाही ते तिथे नसतंच.

म्हणून पर्याय तोलताना पहिला प्रश्न हा विचारा: या वाटेवर आवाज कुठे बंद पडतो?

विंडोज ११

संगणक पात्र असेल तर हाच पर्याय घ्यावा. एनव्हीडीए, जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर, त्यांच्या सेटिंग आणि हाताला बसलेले शॉर्टकट सगळं जागेवर राहतं. टीपीएम ही संगणकातली सुरक्षेची सोय; ती तपासायला विंडोज+आर दाबून टीपीएम डॉट एमएससी टाइप करा. तिथे आवृत्ती २.० ऐकू आली पाहिजे. मग त्याच पद्धतीने एमएसइन्फो३२ उघडून बायोस मोड आणि सिक्युअर बूटची (संगणक सुरू होतानाच्या सुरक्षेची) स्थिती ऐका.

खरी अडचण इथे आहे. टीपीएम बंद असेल किंवा संगणक सिक्युअर बूटसाठी तयार नसेल तर ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन बदलावं लागतं आणि तिथे आपला स्क्रीन रीडर चालत नाही. या कामाला डोळस माणूस शेजारी हवा. त्याआधी दोन गोष्टी करून ठेवा. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तात्पुरतं थांबवा आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की दुसरीकडे जपून ठेवा. नाहीतर बायोसमधला बदल ओळखून बिटलॉकर सुरुवातीलाच ती की मागतो, आणि त्या पडद्यावर एनव्हीडीए पोहोचत नाही. दुसरं, बायोस मोड लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीचा, असेल तर आधी डिस्कची मांडणी जीपीटी या नव्या प्रकारची करून घ्या. तसं न करता मोड बदलला तर विंडोज सुरूच होणार नाही.

अपग्रेड चालू असताना संगणक अनेकदा रीस्टार्ट होतो आणि बराच वेळ शांत राहतो. घाबरून पॉवर बटण दाबू नका. साइन-इनच्या पडद्यावर आवाज हवा असेल तर एनव्हीडीएच्या जनरल सेटिंगमधला साइन-इनचा पर्याय आधीच चालू आहे ना, ते बघा. कधी कधी अपग्रेडनंतर साउंड ड्रायव्हर बिघडतो. मग कंट्रोल+विंडोज+एंटर दाबून नॅरेटर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, सुरू केला तरी काही ऐकू येत नाही, कारण आवाजाची वाटच बंद असते. अशा वेळी साधा यूएसबी हेडसेट कामी येतो, कारण त्याला बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. तो जवळ ठेवल्याशिवाय अपग्रेडला हात घालू नका.

ईएसयू, म्हणजे वाढीव सुरक्षा अपडेट

संगणक पात्र नसेल तर ही विसाव्याची जागा. वैयक्तिक वापरासाठी मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. त्यासाठी विंडोज १०ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. नोंदणी सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर होते. आवाजाला कुठेच धक्का लागत नाही, हा मोठा फायदा. पण यात फक्त सुरक्षेची अपडेट मिळतात. हा काळ नवा संगणक घेण्याच्या तयारीसाठी वापरावा.

लिनक्स आणि ओर्का

जुनं यंत्र चांगलं असेल तर विंडोजऐवजी लिनक्स आणि त्यावरचा ओर्का स्क्रीन रीडर घेण्याचा मोह होतो. डेबियन या लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये बूट मेन्यूवर एस आणि मग एंटर दाबलं की पुढची सगळी प्रक्रिया बोलत होते, ही फार मोलाची सोय आहे. तरीही रोजच्या कामाचा एकुलता एक संगणक यावर नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत. एनव्हीडीएची अ‍ॅड-ऑन आणि जॉजच्या स्क्रिप्ट इथे चालत नाहीत, मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस वापरावं लागतं, आणि जॉजमधला सवयीचा इलोक्वेन्स आवाज सोबत येत नाही. आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून आवाज, वायफाय आणि ब्रेल डिस्प्ले तपासा.

कोणताही पर्याय घ्या, डिस्क पुसायची असेल तर त्याआधी जॉजचं अ‍ॅक्टिव्हेशन काढून घ्या, नाहीतर एक अ‍ॅक्टिव्हेशन वाया जाऊ शकतं. एनव्हीडीएच्या टूल्स मेन्यूतून पोर्टेबल कॉपीही करून ठेवा. ती पेन ड्राइव्हवर असली की दुसऱ्या कुठल्याही विंडोज संगणकावर तुमच्या सेटिंगसह आवाज लगेच मिळतो.

जुना संगणक, पण इंटरनेट तोडून

जुना ब्रेल एम्बॉसर (ब्रेल छापणारा प्रिंटर) किंवा स्कॅनर फक्त त्याच संगणकावर चालत असेल तर हेही योग्यच आहे. वायफाय बंद करा आणि फाइल पेन ड्राइव्हने न्या-आणा, पण नव्या संगणकावर व्हायरससाठी तपासल्याशिवाय नाही. त्या संगणकावर चालणाऱ्या स्क्रीन रीडरचा आणि एम्बॉसरच्या ड्रायव्हरचा इन्स्टॉलर दोन ठिकाणी जपून ठेवा. उत्पादकाने तो साइटवरून काढला तर पुन्हा मिळेलच असं नाही.