चार फुटी रिकामी पंचिंग बॅग : घरच्या सरावासाठी कितपत कामाची?

घरी बॉक्सिंगची कॉम्बिनेशन, म्हणजे सलग ठोशांचे ठरलेले क्रम, घोटायची म्हटलं की बाजारात तीन गोष्टी समोर येतात: डोक्याला पट्ट्याने बांधायचा रिफ्लेक्स बॉल, जमिनीवर उभी राहणारी बॅग आणि छताला टांगायची बॅग. रिफ्लेक्स बॉलने नजर तयार होते, पण मुठीला वजन असं लागत नाही. उभ्या बॅगेच्या तळात पाणी किंवा वाळू भरली तरी जोरदार क्रॉसनंतर (मागच्या हाताचा सरळ ठोसा) ती सरकते, आणि पुढचा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) मारायच्या वेळी बॅग जागेवर नसते. सलग तीन-चार ठोसे नीट बसवायचे असतील तर टांगलेलीच बॅग घ्यावी. मेरठ किंवा जालंधरहून येणारी चार फुटी रिकामी बॅग हजार-दीड हजारांच्या आसपास मिळते. एवढ्या पैशांत ती उत्तम सौदा आहे, पण भरणं आणि टांगणं नीट झालं तरच.

घेताना रंगापेक्षा शिवण पाहा. वरचे पट्टे बॅगेला जिथे जोडलेले असतात तिथे दुहेरी शिवण आणि रिव्हेट दोन्ही हवेत, कारण सगळं वजन तिथेच येतं आणि स्वस्त बॅग तिथेच उसवते. तळाची गोल शिवणही बोटांनी ताणून पाहा. बॅगेबरोबर सेटमध्ये येणारे पातळ ग्लोव्हज वापरू नका. बॅगेसाठी १२ औंसांचे वेगळे घ्या, अंगापिंडाने मोठे असाल तर १४ औंसांचे. हँडरॅप, म्हणजे ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायची पट्टी, १८० इंची असू द्या. सेटमधला रॅप बहुधा १०८ इंची असतो, त्यात मनगटाला वेढे दिले की मुठीच्या गाठींवर (बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवर) घालायला कापड उरत नाही.

भरणं हे या बॅगेतलं खरं काम. शिंप्याकडची कात्रणं किंवा जुने सुती कपडे घ्या. बटणं, चेन, हुक कापून टाका आणि मोठे तुकडे तळहाताएवढे करा. १२ इंच व्यासाच्या चार फुटी बॅगेत साधारण २५ ते ३० किलो कापड जातं. आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास बॅग असली की ती फार झुलत नाही. वीतभर थर टाकायचा, बांबूच्या दांड्याने कडेकडेने ठासायचा, मग पुढचा थर. सगळं एकदम कोंबलं तर मधे पोकळ्या राहतात, त्या जागी मूठ आत जाते आणि मनगट मुडपतं. वजन वाढवायला नुसती वाळू ओतू नका. ती झिरपत तळाशी बसते आणि खालचा फूटभर भाग दगडासारखा होतो; बॉडी शॉट (पोट-बरगड्यांच्या उंचीवरचा ठोसा) मारताना मुठीची गाठ तिथेच दुखावते. कापड कितीही ठासलं तरी काही आठवड्यांत खाली बसतं आणि वर मोकळी जागा होते. तेव्हा वरून आणखी भरावं लागतं, म्हणून पाच-सहा किलो कात्रणं बाजूला ठेवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात भरत असाल तर कापड आधी खडखडीत वाळवा, नाहीतर आतून बुरशीचा वास सुटतो.

टांगताना पंख्याची कडी वापरू नका. ती पंख्याच्या वजनासाठी असते, झुलत्या तीस किलोंच्या हिसक्यांसाठी नव्हे. आरसीसी स्लॅबला चार बोल्टची प्लेट १० मिमी अँकर फास्टनरने बसवून घ्या, आणि ड्रिल करण्याआधी विजेचे पाइप कुठून गेलेत ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. साखळी आणि प्लेटच्या मधे जाड स्प्रिंग टाकली की वरच्या घरात जाणारा दणका बराच कमी होतो. बॅगेचं वरचं टोक साधारण तुमच्या डोक्याच्या उंचीला आणि चारही बाजूंना तीन फूट मोकळी जागा, एवढं हवंच. भाड्याच्या घरात छताला ड्रिल चालत नसेल तर चार इंची विटांच्या भिंतीला ब्रॅकेट ठोकण्याच्या फंदात पडू नका, भिंत धरत नाही.

आता मुख्य प्रश्न, कॉम्बिनेशनचा. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) १, क्रॉस २, पुढच्या हाताचा हुक ३ हे आकडे धरून १-२, १-१-२ आणि १-२-३ या बॅगेवर छान बसतात. ठोसा कसा लागला ते बॅगच सांगते: आखूड, कोरडा आवाज आला आणि बॅग जागच्या जागी थरथरली तर मूठ लागून लगेच परत आली, बॅग दूर झुलत गेली तर तुम्ही ढकललंत. १-२-३ मध्ये बहुतेकांचा हुक फसतो, कारण क्रॉसनंतर कंबर वळलेली नसते आणि वजन मागच्याच पायावर राहतं. मग हुक नुसत्या हाताने मारला जातो. क्रॉसबरोबर मागची टाच बाहेर वळून वर उचलली गेली पाहिजे, म्हणजे पुढचा हुक परत वळताना आपोआप निघतो. जॅब हलका, शेवटचा ठोसा जड ठेवा आणि प्रत्येक हात निघाला त्याच रेषेत गालापाशी परत आणा. बॅग अंगावर येत असताना मारू नका. बाजूला पाऊल टाका, ती मध्यावरून परत जायला लागली की १-२ सुरू करा. नवशिक्यांची मनगटं बहुतेक इथेच दुखावतात.

अपरकटसाठी (खालून वर मारायचा ठोसा) मात्र ही बॅग निकामी आहे. सरळ उभ्या बाजूवर मूठ घासत वर जाते, बसत नाही. ५ आणि ६, म्हणजे पुढच्या आणि मागच्या हाताचे अपरकट, असलेली कॉम्बिनेशन आरशासमोर शॅडोतच (हवेत ठोसे मारण्याच्या सरावात) करा. तीन मिनिटांची राउंड, एक मिनिट विश्रांती. सुरुवातीला अशा तीन राउंड पुरेत, आणि पहिली राउंड निम्म्या जोराने.