फोल्डिंग ई-सायकलला कुठलं कुलूप? वायर, साखळी, यू-लॉक आणि घडीचं लॉक

साधी सायकल चोरणाऱ्याला ती निदान चालवत न्यावी लागते. फोल्डिंग ई-सायकलचं मधलं बिजागर उघडलं आणि हँडल खाली पाडलं की वीस-पंचवीस किलोचं गाठोडं होतं. ते रिक्षाच्या मागच्या सीटपुढे बसतं आणि बघणाऱ्याला वाटतं, मालकच घेऊन चाललाय. त्यामुळे नुसतं चाक फ्रेमला बांधणारं कुलूप इथे निरुपयोगी. सायकल कशाला तरी पक्की बांधली गेलीच पाहिजे. बाजारात मिळणारे कुलपांचे प्रकार याच कसोटीवर पाहू.

वायर लॉक म्हणजे दुकानदार “सगळे हेच नेतात” म्हणत सायकलबरोबर हातात ठेवतो ते. बाहेरून १२ मिलिमीटर जाड दिसतं, पण त्यातलं बरंचसं प्लॅस्टिकचं वेष्टन. आत बारीक तारांचा पीळ. केबल कटरचे चार-पाच चावे, की संपलं, आणि आवाजही होत नाही. आकड्यांचं असेल तर कटरचीही गरज नाही. वायर ताणून धरून एकेक चकती फिरवली की स्वस्त कुलपात बरोबर आकड्यावर चकती किंचित अडखळते. हेल्मेट आणि सीट अडकवायला ठीक; सायकलीसाठी नाही.

यू-लॉक म्हणजे इंग्रजी यू आकाराची पोलादी कडी आणि तिची दोन्ही टोकं बंद करणारा आडवा दांडा. पैशाच्या मानाने हा सगळ्यात चांगला पर्याय, पण फोल्डिंग सायकलला मापाची अडचण येते. पुण्याच्या ईमोटोराडची डूडल किंवा तिच्यासारख्या जाड टायरच्या सायकलींना २० बाय ४ चे, म्हणजे २० इंची आणि ४ इंच रुंद टायर असतात. चार इंच म्हणजे १०० मिलिमीटर. बहुतेक यू-लॉकची आतली रुंदी ८० ते ११० मिलिमीटर, त्यामुळे टायर आत जेमतेम जातो आणि मडगार्ड असेल तर जातच नाही. अशा सायकलीला यू-लॉक चाकातून न घालता मागच्या त्रिकोणातून, म्हणजे सीट ट्यूब (फ्रेमचीच, न निघणारी उभी नळी) आणि मागच्या दांड्यांच्या मधून, खांबाला लावायचं. दीड-दोन इंची टायर असेल तर अडचण नाही. चाक, फ्रेम आणि खांब एकाच कडीत येतात.

घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, कडीची जाडी १३-१४ मिलिमीटरच्या खाली नको. १६ मिळाली तर हाताने चालवायचा बोल्ट कटर जवळपास बाद होतो. दुसरी, पोलाद कडक केलेलं आहे का. दुकानदार हो म्हणणारच. खिशात छोटी कानस ठेवा आणि परवानगी घेऊन कडीच्या टोकाला, जिथे प्लॅस्टिक नसतं तिथे, एकदा फिरवा. कानस चावली तर साधं लोखंड, नुसती घसरली तर कडक. तिसरी, किल्ली. गोल नळीसारखी किल्ली असलेलं कुलूप घेऊ नका. २००४ साली क्रिप्टोनाइटसारख्या नावाजलेल्या कंपनीची गोल किल्लीची कुलपं बॉलपेनच्या प्लॅस्टिक नळीने उघडतात हे जगजाहीर झालं आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. आपल्याकडच्या स्वस्त यू-लॉकमध्ये ती किल्ली अजून दिसते.

कडी दोन्ही टोकांना अडकते की एकाच, हेही विचारा. एकाच टोकाला अडकणारी कडी एका कापात फिरवून काढता येते, दोन्हीकडे अडकणारीला दोन काप द्यावे लागतात. बॅटरीवर चालणारा ग्राइंडर आणि एक मिलिमीटरची चकती असेल तर एका कापाला मिनिटाच्या आसपास पुरतं, म्हणून दुसऱ्या कापाचा वेळ आणि ठिणग्या यांना किंमत आहे. हिपलॉक किंवा लाइटलॉकची काही मॉडेलं ग्राइंडरच्या चकत्याच झिजवतात, पण ती परदेशातून मागवावी लागतात आणि किंमत ऐकून माणूस सायकल घरात ठेवायला तयार होतो.

साखळी घरच्या पार्किंगसाठी उत्तम, फिरतीवर डोकेदुखी. कडक पोलादाची १० मिलिमीटरची मीटरभर साखळी कुलपासकट अडीच-तीन किलोंची होते. जाड टायरभोवती मात्र तीच सहज फिरते. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी गॅल्व्हनाइज्ड साखळी कितीही जाड दिसली तरी नरम असते. दोन फुटी बोल्ट कटर ८ मिलिमीटरची कडी तोडतो. साखळी चांगली आणि कुलूप फालतू, ही चूक तर सगळीकडे दिसते. कुलपाची कडीही साखळीइतकी जाड आणि कडक हवी. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. कटरचा एक दांडा फरशीवर टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार टाकता येतो, हातोडाही तिथेच बसतो.

घडीचं लॉक, म्हणजे पट्ट्यांचं, रिव्हेटने जोडलेलं, सुतारांच्या जुन्या घडीच्या फुटपट्टीसारखं उघडणारं. अबस कंपनीच्या बोर्डो मालिकेने हा प्रकार लोकप्रिय केला. ६००० मॉडेलमध्ये ५ मिलिमीटरच्या पट्ट्या, ६५०० मध्ये साडेपाच. ९० सेंटीमीटरच्या आसपासचा घेर जाड टायर, मागचा दांडा आणि बारीक खांब एवढ्याला पुरतो. विजेच्या खांबाला नाही. फ्रेमवर पिशवीत बसतं, म्हणून फोल्डिंग सायकलशी जोडी जमते. कमजोरी रिव्हेटमध्ये. जोडावर ड्रिल किंवा पहार लावणाऱ्याला पट्टी कापायची गरज नसते. स्वस्त नकलांमध्ये रिव्हेट इतके ढिले असतात की लॉक हातात धरूनच कुरकुरतं. अशी नक्कल घेण्यापेक्षा त्याच पैशात यू-लॉक घ्या.

अलार्मचं कुलूप? आपल्या पार्किंगमध्ये दुसऱ्याची गाडी सरकवल्याशिवाय आपली निघत नाही. दिवसातून चारदा बोंबलणाऱ्या कुलपाकडे पाचव्यांदा वॉचमनही बघत नाही. मोटर लॉकच्या रिमोटचंही तसंच. चाक फिरत नाही इतकंच, उचलून न्यायला कोण अडवतं?

आता कुलूप लावायचं कुठे. अर्धी लढाई इथेच हरली जाते. रांगेत उभ्या फोल्डिंग सायकली बघा, दहातल्या दोन-चारांचं कुलूप सीटच्या नळीभोवती असतं. ती नळी क्विक रिलीजच्या एका खटक्याने वर निघते आणि कुलूप खांबाला लटकत राहतं. हँडलच्या दांड्याचीही तीच गत. कॅरिअर चार बोल्टवर असतो, ४ नंबरच्या अ‍ॅलन कीने (षटकोनी किल्लीने) सुटतो. मधल्या बिजागराचा बोल्टही निघू शकतो, म्हणून फक्त पुढच्या अर्ध्या भागाला बांधलं तर मोटरवाला मागचा अर्धा भाग चोराच्या हाती जातो. कुलूप मागच्या त्रिकोणातच हवं. मागच्या हबची मोटर वायरने जोडलेली असते, अ‍ॅक्सलच्या नटाला १८ किंवा १९ चा पान्हा लागतो, म्हणून ते चाक बऱ्यापैकी सुरक्षित. पुढचं चाक क्विक रिलीजच्या खटक्यावर असेल तर अ‍ॅलन कीने आवळायचा स्क्यूअर, म्हणजे चाकाच्या मधून जाणारा बारीक दांडा, बसवून घ्या.

सीटची नळी वेगळी सांभाळावी लागते. पुष्कळ फोल्डिंग सायकलींना ३३.९ मिलिमीटर व्यासाची, जवळपास दोन फुटी नळी असते, आणि ती चोरीला गेली तर साध्या सायकलच्या दुकानात मिळत नाही. आमचा सल्ला: जुनी सायकलची चेन ट्यूबच्या तुकड्यात घालून सीटच्या खालच्या कांबीपासून फ्रेमपर्यंत बांधा. ओबडधोबड दिसतं, काम चोख करतं.

बांधायचं कशाला हेही बघा. सोसायटीतला पिवळा गॅसचा पाइप कधीच नाही. कुणी जोर लावला तर चोरीपेक्षा मोठी भानगड. पीव्हीसीचा ड्रेनेज पाइप करवतीने दोन मिनिटांत जातो. नो पार्किंगच्या बुटक्या खांबावरून सायकल वरून काढता येते. स्टीलची रेलिंग पोकळ असते आणि जोड वेल्डिंगच्या टाक्यांवर असतात. रोज एकाच जागी ठेवत असाल तर सोसायटीची परवानगी घेऊन फॅब्रिकेटरकडून १२ मिलिमीटरच्या गजाची कडी करून घ्या आणि पार्किंगच्या काँक्रीट कोब्यात केमिकल अँकरने (भोकात भरायच्या, घट्ट होणाऱ्या रसायनाने) बसवा. कॉलमला भोक पाडू नका.

बॅटरी रोज वर न्या. सायकलच्या किमतीतला मोठा हिस्सा तीच आहे, वजन अडीच-तीन किलो. फ्रेममधलं तिचं कुलूप म्हणजे ऑफिसच्या ड्रॉवरचं कुलूप, स्क्रू ड्रायव्हरने वळतं. जिथे बॅटरी मधल्या नळीत असते तिथे बिजागर उघडून सायकल दुमडल्याशिवाय ती निघत नाही, म्हणून कुलूप लावण्याआधी बॅटरी काढण्याची सवय ठेवा.

ट्रॅकर कुलपाची जागा घेत नाही, पण असावा. सिमकार्डवाला ट्रॅकर सायकलच्या बॅटरीवर जोडलेला असेल तर बॅटरी काढल्यावर त्याच्या छोट्या सेलवर किती तास चालतो हे विचारून घ्या. एअरटॅग किंवा जिओटॅगसारखा बिल्ला आसपासच्या फोनवर अवलंबून असतो. रस्त्यावर चालतो, तळघरात गप्प होतो. तो धातूच्या नळीत टाकू नका, सिग्नल अडतो. मागच्या रिफ्लेक्टरच्या किंवा सीटच्या प्लॅस्टिकखाली चिकटवा. लक्षात ठेवा, अनोळखी बिल्ला आपल्याबरोबर फिरतोय अशी सूचना चोराच्या फोनलाही जाते.

कागदपत्रांत ई-सायकलवाले मार खातात. २५० वॉटच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत बसणाऱ्या सायकलीला आरटीओची नोंदणी नाही, म्हणजे नंबर प्लेट नाही, आरसी नाही. सायकल तुमची आहे हे सांगायला बिल आणि फ्रेम नंबर एवढंच. तो नंबर बहुतेक वेळा पेडलच्या मधल्या नळीखाली किंवा हँडलखालच्या नळीवर कोरलेला असतो. मोटर आणि बॅटरीवर वेगळे असतात. तिन्हींचे फोटो बिलाबरोबर स्वतःला मेल करून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार ऑनलाइन देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

पावसाळ्यात कुलपाचं तोंड खाली येईल असं लावा. खोबरेल तेल घालू नका, धूळ धरून पिना चिकटतात. ग्रॅफाइटची पूड किंवा कोरडं वंगण जून आणि ऑक्टोबरमध्ये एकदा पुरे. घडीच्या लॉकच्या प्रत्येक रिव्हेटला एक थेंब. आणि किल्लीबरोबर नंबराचं कार्ड आलं असेल तर ते पाकिटात न ठेवता घरी ठेवा. काही कंपन्या त्या नंबरावरच दुसरी किल्ली बनवून देतात.