रजा, सबॅटिकल की राजीनामा?

रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो, घरच्यांवर उगाच खेकसायला होतं, महिन्याच्या आढाव्यात आपलेच आकडे परके वाटतात. एवढं होऊनही मोठ्या हुद्द्यावरचा माणूस आणखी वर्षभर रेटतो. मीही रेटलं. मग पुण्यातल्या एका कंपनीतून सहा महिने बिनपगारी सुट्टी, म्हणजे सबॅटिकल, घेतली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद केली, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न हाताळल्याने येणारी अवस्था, असं म्हटलं. तिची तीन अंगं: अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तुमच्यात यातलं काय जास्त आहे, ते आधी ओळखा. निवड त्यावरच ठरते.

दोन आठवड्यांची रजा सगळ्यात सोपी. नुसतं त्राण संपलं असेल, तर आधी हीच घ्या. इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर यात बसतं, तिथे फोन आपसूक जमा होतो. पण अशा रजेचा असर टिकत नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इस्रायली अभ्यासात कर्मचाऱ्यांचा बर्नआउट सुट्टीत उतरला आणि कामावर परतल्यावर तीन आठवड्यांत पुन्हा मूळ पातळीवर आला.

सबॅटिकलचा खरा फायदा उशिरा कळतो. माझे पहिले तीन आठवडे वायाच गेले. पहाटे चारला जाग यायची आणि हात उशाशी फोन चाचपायचा, तोही बायकोने कपाटात ठेवलेला. दुसऱ्या महिन्यात पहिल्यांदा एक पुस्तक सलग वाचून झालं. म्हणून तीन महिन्यांहून कमी घेऊ नका. नर्मदा परिक्रमा पायी करायची असेल, तर चार-पाच महिने लागतातच.

पण परतलो त्या सोमवारी कॅलेंडर उघडलं, तर त्याच अकरा साप्ताहिक मीटिंगा, तेच अहवाल, रात्री साडेनऊचा तोच कॉल. सहा महिन्यांत कमावलेला तजेला दिवाळीपर्यंतही टिकला नाही. माझी चूक एकच, जाण्याआधी कामाची वाटणी बदलून घेतली नाही.

ब्रिटनमधल्या लॉइड्स बँकेचे तेव्हाचे मुख्याधिकारी अंतोनियो होर्टा-ओसोरिओ यांचं उदाहरण मला म्हणूनच मोलाचं वाटतं. २०११च्या नोव्हेंबरमध्ये झोपच उडाल्याने ते रजेवर गेले आणि जानेवारीत परतले. म्हणजे जेमतेम दोन महिने. मात्र परतताना त्यांनी आपल्याला थेट रिपोर्ट करणाऱ्यांची संख्या कमी केली, कामं सोपवली. पुढे २०२१पर्यंत ते त्याच पदावर होते.

राजीनाम्याचा विचार कडवटपणा वरचढ असेल तेव्हाच करा. वरिष्ठावरचा विश्वास उडाला असेल किंवा जे विकतो तेच पटत नसेल, तर सबॅटिकलमध्ये फक्त परतीची तारीख मोजत बसाल. पण हिशेब कागदावर मांडा. गृहकर्जाचे हप्ते दोन्हीकडे तुमच्याच खिशातून जातात. फरक पडतो तो आईवडिलांच्या मेडिक्लेममध्ये. कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो, आणि सत्तरीतल्या मधुमेही माणसाला नवी पॉलिसी महाग पडते, शिवाय आधीच्या आजारांना थांबावं लागतं. पाच वर्षं भरायला थोडेच महिने उरले असतील, तर ग्रॅच्युइटीही बघा. बिनपगारी सुट्टीतही विमा चालू राहील हे गृहीत धरू नका, एचआरकडून लेखी घ्या. परतल्यावरचं पद, शेअर्सचं वेस्टिंग (कंपनीने देऊ केलेले शेअर्स टप्प्याटप्प्याने आपल्या नावावर होणं) आणि अप्रेझलही त्याच पत्रात येऊ द्या.

काम अजून आवडतंय पण पेलवत नाही, अशी तुमची अवस्था असेल तर माझा कौल सबॅटिकललाच. फक्त अर्ज देण्याआधी मीटिंगांची यादी काढा, त्यातल्या निम्म्या कोणाकडे जाणार ते नावानिशी ठरवा आणि वरिष्ठांची सही घ्या. त्यांनी सही टाळली, तर सहा महिन्यांनी काय वाट पाहतंय ते तुम्हाला आजच कळेल.